त्सेलिसो यांची बेगमी

ज्या हिवाळ्यात न्ताते त्सेलिसो यांच्या वृद्ध वडिलांनी थंडीने प्राण सोडला, त्या हिवाळ्यानंतर या गृहस्थांच्या स्वभावात मोठा पालट घडून आला. त्यापूर्वी न्ताते, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आदराने म्हणतात तसे 'बाबा', आमच्या हा-सेकोती गावातील इतर पुरुषांसारखेच होते. मेंढ्या राखाव्यात, घोड्याची निगा करावी, सायंकाळी ज्वारीची दारू घ्यावी आणि उद्याचे उद्या पाहावे, असा त्यांचा क्रम असे. परंतु बर्फाने खिंड बंद केली असताना वडिलांच्या अंगावर घालावयास घरात एकही कोरडे कांबळे नव्हते आणि चुलीत घालावयास अखेर बसण्याची बाके फोडावी लागली, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणात खिळ्यासारखी रुतून बसली. वडिलांच्या थडग्यावर शेवटचा दगड रचताना ते मला म्हणाले, "खेथिसा, यापुढे बर्फात माझ्या घरचं माणूस जाणार नाही. एकही नाही. ऐकून ठेव."

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये केवळ एक ओघळ आहे. त्यामुळे पुढे जे घडले ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढील वर्षी त्यांची एकुलती कन्या दिनेओ गरोदर होती. पहिले बाळंतपण माहेरी करावे, अशी आमच्याकडची रीत. तिला अनुसरून मे महिन्यात मक्याची कणसे खुडून होताच ती घोड्यावर बसून माहेरी आली. जुलैच्या प्रारंभी, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातील ऐन हिवाळ्यात, बाळ येणार होते. त्याआधी तिला खिंडीपलीकडे, दवाखान्यालगत गर्भवतींसाठी बांधलेल्या खोल्यांत नेऊन ठेवावे, असा निश्चय झाला होता. गाडीवाल्याशी बोलणेही झाले होते.

आता न्ताते त्सेलिसो यांच्या सिद्धतेला सीमाच उरली नाही. मेंढवाड्यातील तुडवून तुडवून घट्ट झालेली शेणाची जमीन ते स्वतः कुदळीने कापू लागले. जळणासाठी तिच्या लाद्या पाडून त्यांनी त्या कुंपणाच्या दगडांवर उभ्या वाळत घातल्या. आमच्याकडे हे काम बायका करतात. साहजिकच येणारेजाणारे थांबून चेष्टा करीत.

"काय न्ताते, डोक्याला रुमाल कधी बांधताय?"

"बांधीन की. तुझ्या बायकोकडे जास्तीचा असेल तर पाठवून दे."

"आणि घागर?"

"आधी तुझ्या घरातल्या लाद्या बघ जा. मागच्या हिवाळ्यात माझ्याच मेंढवाड्याच्या फाटकाची लाकडं उचलून नेत होतास!"

चेष्टा करणारा पुढे निघून जाई आणि त्सेलिसो पुन्हा कुदळ उचलीत.

लाद्या वाळल्या. त्यांच्यामागोमाग मक्याच्या पिठाची पोती आली, ज्वारी आली, घेवडा आला, सुकवलेली पालेभाजी आली. रॉकेलचे डबे, मेणबत्त्या, काड्यापेट्या, मीठ, दोरखंड, फावडे, तापावरची आणि भाजल्यावरची औषधे, आणि कांबळ्यांचा एक मोठा ढीग जमा झाला. या सर्व वस्तू त्यांनी मोठ्या गोल घरात रचल्या. त्यांच्या अंगणात तीन इमारती आहेत. एक स्वयंपाकाची झोपडी, जिच्यात उंदरांचे राज्य आहे. दुसरी पत्र्याची खोली, जिचे छप्पर पहाटे आतून ठिबकते. आणि तिसरे हे जाड दगडी भिंतीचे, नव्या गवताने शाकारलेले गोल घर. कोरडेपणाच्या दृष्टीने विचार केला असता त्यांची निवड योग्यच होती.

त्यांच्या पत्नीस, म्हणजे दिनेओची आई म्हणून ज्यांना गाव आदराने म्मे मादिनेओ म्हणते त्यांना, ती मुळीच पसंत नव्हती.

"अहो, सगळं एकाच घरात कशाला कोंबताय? थोडं पत्र्याच्या खोलीत ठेवा."

"तिथं ठिबकतं. ओली लादी नुसता धूर करते."

"मग मी झोपू कुठं?"

"पिठाच्या पोत्याला टेकून झोप. ऊब असते त्याला."

"असं? मग देजाच्या गाई त्या पोत्याच्याच घरी पाठवायच्या होत्यात लग्नात. माझ्या बापाच्या घरी कशाला पाठवल्यात?"

दिनेओ पोट धरून हसू लागली आणि तो विषय तेथेच संपला. दिनेओ दवाखान्यात बाळंत होणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यामुळे या विषयात आणखी एक मोठी अडचण दडलेली आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. मादिनेओंच्याही नाही, आणि माझ्याही नाही.

जून निम्मा होण्यापूर्वीच आकाश राखाडी झाले. वारा पडला, घोडे कान पाडून भिंतीच्या आडोशाला उभे राहिले आणि जे हिम पडू लागले ते थांबण्याचे नाव घेईना. गाडी येण्यापूर्वीच खिंड बंद झाली. त्याच दिवशी दिनेओच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुकानामागील टेकडीवर जाऊन मादिनेओंनी फोन लावला आणि जावयास एवढेच कळविले की, गाडी आली नाही, बाळंतपण घरीच होईल, काळजी करू नये. नंतर फोनही मुका झाला.

सुदैवाने त्सेलिसो यांच्या आत्या मासेबाता या आमच्याच गावात राहतात. अर्ध्या गावाला त्यांनीच या जगात आणले आहे, आणि म्हणून अर्ध्या गावाला त्या "पोरा" आणि "पोरी" याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारीत नाहीत. त्यांना घोड्यावर बसवून आणण्यात आले. दिनेओला अर्थातच सर्वांत उबदार घरात, म्हणजे मोठ्या गोल घरात नेले. उजाडता उजाडता बाळाचे रडणे ऐकू आले. आई आणि बाळ सुखरूप होती.

न्ताते त्सेलिसो यांना आनंद मावेना. त्यांनी स्वतः बोरूच्या काड्या आणून त्या घराच्या दारावर बांधल्या. दारावर बोरू आहे, म्हणजे आत ओली बाळंतीण आहे. बाळाची नाळ गळेपर्यंत कोणाही पुरुषाने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. विशेषतः जो वाटेवरून चालून आला आहे त्याने तर नाहीच, कारण वाटेची धग त्याच्या पायांना चिकटलेली असते आणि ती बाळाला बाधते. आमच्या गावात याला आणखी एक जोड आहे. तेवढ्या काळात त्या घरातील वस्तूही बाहेर जात नाही.

मी त्यांच्या छपरांवरील बर्फ लोटण्यास साहाय्य करावे म्हणून सकाळीच गेलो होतो. काम अर्धे होते न होते तोच असा वारा सुटला की मला माझे स्वतःचे घर दिसेनासे झाले. मधली ओघळ बर्फाने काठोकाठ भरून गेली होती. तीत पाऊल टाकणे म्हणजे माणसाने नाहीसे होणे. तेव्हा आम्ही दोघे पत्र्याच्या खोलीत शिरलो. लोखंडी शेगडी थंडगार पडली होती.

"पेटव की," न्ताते त्सेलिसो म्हणाले.

"लादी द्या."

ते वळले, आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तेथे काहीही नव्हते. बाहेरच्या चार-दोन लाद्या रात्री पाणी तापविण्यातच संपल्या होत्या.

"लाद्या..." ते म्हणाले.

"आत," मी म्हणालो.

"काड्यापेटी?"

"आत."

"कांबळी... खेथिसा, कांबळीसुद्धा सगळी..."

"आत. आणि फावडंही आत. सकाळपासून मी पातेल्याच्या झाकणानं बर्फ काढतोय, कशामुळं वाटलं तुम्हाला?"

प्रारंभी आम्हांला हसू आले. खरोखरच ते हसण्यासारखे होते. सबंध पंचक्रोशीत इतकी परिपूर्ण बेगमी दुसऱ्या कोणाची नव्हती. ती आमच्यापासून केवळ अंगणभर अंतरावर होती, आणि आम्ही दोघे पुरुष तिच्यापासून तितकेच दूर होतो जितके समुद्रापलीकडचे लोक असतील. आम्ही आपापल्या अंगावरची कांबळी घट्ट लपेटून घेतली आणि वारा थांबण्याची वाट पाहू लागलो. आमच्यासारखी धडधाकट माणसे एवढी थंडी सहज काढू शकतात.

दुपार कलती झाली असताना कुत्रे भुंकले. दाराशी काहीतरी धडकले. आम्ही दार ओढले तेव्हा एक मनुष्य आत कोसळला. त्याच्या मागे, मानेपर्यंत पांढरा झालेला एक घोडा उभा होता. तो मनुष्य म्हणजे दिनेओचा पती मोहाउ. घरची बातमी ऐकून शेजारच्या खोऱ्यातून तो खिंड ओलांडून आला होता. आमच्या रीतीप्रमाणे अशा वेळी नवऱ्याने आपल्या घरी स्वस्थ बसून निरोपाची वाट पाहावयाची असते.

"तुला कुणी बोलावलं होतं रे?" न्ताते त्सेलिसो ओरडले. परंतु ओरडता ओरडताच ते त्याचे गमबूट ओढून काढीत होते.

"गाडी... नाही ना आली," मोहाउ म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "म्हटलं मी... मी घोडा..."

पुढचे शब्द विरून गेले. त्याची पावले मेणासारखी पांढरी आणि कठीण झाली होती. सर्वांत वाईट गोष्ट ही की तो कापत नव्हता. थंडीने कुडकुडणारा मनुष्य जिवंत असतो, पण ज्याचे कुडकुडणे थांबते त्याचा देह लढाई सोडू लागतो. न्ताते त्सेलिसो यांनी हे एकदा पाहिले होते, याच खोलीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

आम्ही मोहाउचे ओले कपडे काढले आणि आमची दोन्ही कांबळी त्याला गुंडाळली. मी मेंढवाड्यातून दोन दांडगे मेंढे ओढून आणले आणि त्याच्या दोन बाजूंना दाबून बसविले. पण शेगडी तशीच थंड होती. मी खोलीतील नवीन बाक उचलले आणि ते फोडण्यासाठी दगड शोधू लागलो.

"ठेव ते," न्ताते त्सेलिसो म्हणाले.

"पण न्ताते..."

"मागच्या वेळी बाकंच जाळली होती. किती वेळ पुरली? आणि काडी कुठंय पेटवायला? तू बस त्याच्यापाशी. त्याला झोपू देऊ नकोस. काहीही बोल, शिव्या दे, पण बोलत राहा."

ते झाकण घेऊन बाहेर पडले. वारा थोडा मंदावला होता आणि दार बोटभर किलकिले राहिले होते, म्हणून पुढील सर्व मला दिसले आणि ऐकू आले. उंबऱ्यापासून बऱ्याच अंतरावर ते थांबले. आपणच बांधलेल्या बोरूकडे त्यांनी एकदा पाहिले आणि हाक मारली.

"आत्या! ऐकू येतंय का?"

"कोण ते? पुरुषाचा आवाज आहे. चालता हो."

"मी त्सेलिसो."

"मग दुप्पट वेगानं चालता हो. नातवंडाचं तोंड बघायची एवढी घाई?"

"आत्या, थोड्या लाद्या पाहिजेत. आणि कांबळी."

"सकाळी बोरू कुणी बांधला? मी का? या घरातलं काही बाहेर जात नाही, हे तुला मी सांगायचं? तुझ्याच जन्माच्या वेळी तुझा बाप इथंच उभा राहून चिलीम मागत होता. नाही दिली. तुम्ही दोघं बाप्ये एक दिवस गारठलात तर मरत नाही."

"आमच्यासाठी नाही, आत्या. एक वाटसरू आलाय. पाय गोठलेत त्याचे."

"कोण वाटसरू?"

बाळंतिणीला धक्का बसू नये म्हणून नाव उच्चारण्यास ते कचरत होते.

"कोण वाटसरू, पोरा? या बर्फात वाटसरू आकाशातून पडला काय?"

तेवढ्यात आतून दिनेओचा आवाज आला. तो क्षीण होता, पण स्पष्ट होता.

"बाबा, घोडा कुणाचा आहे? मघाशी खिंकाळला तो."

न्ताते त्सेलिसो यांना खोटे बोलता येत नाही. त्यांनी मान खाली घातली.

"मोहाउचा आहे, बाळ."

आत मादिनेओ काहीतरी म्हणाल्या, मग बाळ रडले, आणि मग दिनेओ म्हणाली, "आत्याआजी, तुम्ही नाही दिलंत तर मी उठून देते. बघाच तुम्ही."

"पड गप! उठलीस तर तंगडी बांधून ठेवीन," मासेबाता आत्या गरजल्या. त्यानंतर त्यांचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "त्सेलिसो!"

"हं, आत्या."

"या लाद्या इथं कधी ठेवल्यास?"

"मे महिन्यात."

"आणि बोरू?"

"आज सकाळी."

"म्हणजे आधी लाद्या आल्या, मग बाळ आलं, मग बोरू."

"हो, आत्या."

"तर मग या लाद्या बाळाच्या घरच्या नाहीत. या पाहुण्या आहेत. बाळ यायच्या आधीपासून मुक्काम ठोकून बसल्यात, आम्हाला पाय पसरायला जागा नाही. पाहुण्याला जायचं असेल तर त्याला कोण अडवतं?"

"कुणी नाही, आत्या."

"कांबळी पाहुणी. फावडं पाहुणं. पोती पाहुणी. विस्तव मात्र बाळाचा, तो मिळणार नाही. काड्यापेटी घे. आता पाठ फिरव, भिंतीकडे तोंड कर, आणि मी सांगेपर्यंत वळलास तर याच फावड्यानं बडवीन."

त्यांनी पाठ फिरविली. दार करकरले. मादिनेओ एकामागून एक वस्तू बर्फावर ठेवू लागल्या आणि प्रत्येक वस्तूबरोबर पुटपुटत होत्या, "थोडं पत्र्याच्या खोलीत ठेवा म्हटलं होतं मी. म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस," भिंतीकडे तोंड करून न्ताते त्सेलिसो नम्रपणे म्हणाले.

शेगडी पेटली. धूर साचू नये म्हणून आम्ही खिडकी बोटभर उघडी ठेवली. मोहाउला कोरड्या कांबळ्यांत गुंडाळून आम्ही त्याला कोमट, साखर घातलेली आंबील चमच्या-चमच्याने पाजली. पाय चोळावयाचे नाहीत, जाळापाशी धरावयाचे नाहीत, केवळ कोमट पाण्यात सोडावयाचे, असे आत्यांनी दारातून ओरडून बजावले होते. पुष्कळ वेळ काहीही घडले नाही. नंतर त्याचे दात एकमेकांवर आपटू लागले. मग पायांत रक्त उतरले आणि वेदनेने तो असा किंचाळला की एक मेंढा दार फोडून पळाला.

"ओरड!" न्ताते त्सेलिसो त्याला मिठी मारून म्हणाले. त्यांच्या गालांवरून अश्रू वाहत होते. "ओरड, माझ्या राजा, आणखी ओरड!"

पुढे बर्फ थांबले. ओघळ भरलेलीच होती, तरी मी वळसा घालून घरी जाऊन आलो. माझ्या बायकोने मला मेलेला समजून शोक केला होता आणि मी जिवंत दिसताच तिने मला यथेच्छ शिव्या दिल्या. मोहाउची बोटे वाचली. एका करंगळीचे नख गेले आणि कातडी सापाच्या कातीसारखी सोलून निघाली, परंतु चालण्यास आवश्यक ते सर्व शिल्लक राहिले. जाग आल्यापासून त्याचा एकच प्रश्न चालू होता.

"न्ताते, काठी की पाणी?"

आमच्याकडे बापाला तोंडाने सांगत नाहीत. पहिला मुलगा झाला तर पोरे काठ्या घेऊन येतात आणि त्याच्या पाठीत दोन घालतात. मुलगी झाली तर पोरी त्याच्या अंगावर पाण्याची घागर रिकामी करतात. तेव्हाच त्याला कळते. मोहाउला घागरीने भिजविले असते तर आत्यांनी वाचविलेला जीव आम्हीच घालविला असता. म्हणून आत्यांनी हुकूम सोडला होता की, जो आपल्या पायांवर उभा राहत नाही त्याला काहीही सांगावयाचे नाही.

"काका, निदान खूण तरी करा," तो मला विनवी.

"मला काय विचारतोस? मी तर मेंढे सांभाळत होतो."

"काठी असेल तर डावा डोळा मिटा."

"दोन्ही मिटतो, झोप आलीय मला."

या उत्कंठेने त्याला बळ दिले असे माझे प्रामाणिक मत आहे. तो प्रथम भिंत धरून उभा राहिला, मग भिंत सोडून उभा राहिला, आणि पडला, आणि पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात न्ताते त्सेलिसो पोती हलवीत होते. काही लाद्या आणि कांबळी पत्र्याच्या खोलीत, काही माझ्या घरी, काही आत्यांकडे. पत्र्याचे छप्परही त्यांनी आतून गवताने मढवून घेतले. मी विचारले, "माझ्याकडे कशाला?" तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याकडे बोरू बांधायला कुणी उरलेलं नाही, म्हणून." माझी बायको यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच ते म्हटले होते.

एके दिवशी लख्ख ऊन पडले. छपरांवरून पाणी गळू लागले आणि डोंगरांकडे पाहवेना इतके ते चमकू लागले. मोहाउ दारातून बाहेर आला. हातात काठी नाही, कोणाचा आधार नाही. अंगणाच्या मध्यभागी तो उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आत्याआजी, उभा आहे मी!"

स्वयंपाकाच्या झोपडीमागून पोरी घागर घेऊन धावत आल्या. मासेबाता आत्यांनी हात वर करून त्यांना थांबविले, घागरीत बोट बुडविले आणि न्ताते त्सेलिसो यांच्याकडे रागाने पाहिले.

"हे काय? कढत पाणी? असं कुणी भिजवतं का बापाला? हे पाणी आहे की आंबील?"

"थोडं कोमट केलं, आत्या," ते म्हणाले. "रीत पाण्याची आहे. गारच पाहिजे असं कुठं आहे?"

आत्यांनी घागरीत पुन्हा बोट बुडवून पाहिले. त्यांनी हात खाली केला आणि पोरींनी सबंध घागर मोहाउच्या डोक्यावर ओतली.

तो जागच्या जागी खाली बसला. केसांतून वाफा निघत होत्या.

"मुलगी? मुलगी झाली?"

"नाही, कोकरू झालं," मादिनेओ म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

गोल घरातून दिनेओचे हसणे ऐकू आले. न्ताते त्सेलिसो दोन्ही हातांत कांबळी घेऊन धावले. त्यांनी जावयाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळले आणि शेगडीकडे ढकलू लागले, पण तो हलेना. कांबळ्यांतून केवळ नाक बाहेर काढून तो विचारीत होता, "कुणावर गेलीय? सांगा ना आत्याआजी, कुणावर गेलीय?"

"तुझ्यावरच," आत्या म्हणाल्या. "तीही अशीच, कुणी बोलावलं नसताना, वेळेआधी, भर बर्फात आली. आता आत हो आणि अंग कोरडं कर. बापाला पडसं झालं तर पोरीला जवळ घेऊ देणार नाही मी."